स्क्रू, कणीक आणि खोडरबर

जॉन केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ची छापील प्रत उघडली की पहिल्या सुराच्या आधी एक तक्ता लागतो. कोणता सूर, त्याच्या कोणत्या दोन तारांच्या मध्ये, कोणती वस्तू, आणि डँपरपासून किती इंचांवर, असे त्याचे रकाने. वस्तूंमध्ये स्क्रू आहेत, बोल्ट आहेत, नट, रबराचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे आहेत, आणि एका जागी चक्क पेन्सिलचं खोडरबर आहे. पियानोच्या ८८ पैकी ४५ सुरांच्या तारांत हे सगळं सामान बसवायचं. त्यात दोन-तीन तास सहज जातात. मग वाजवायला बसायचं. कानावर येतं ते पियानोसारखं नसतंच. कुठे घंटा, कुठे लाकडाची टकटक, कुठे ओल्या कातड्यावर मारलेल्या थापेसारखा बसका ठोका. मधूनच एखादा न छेडलेला, धडधाकट सूर येतो आणि तोच परका वाटतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पाश्चात्त्य स्वरलिपी मला अडखळत वाचता येते, पण हा तक्ता पाहिल्यावर काही अडलं नाही. ही कॉन्फिगरेशन फाइल आहे. आधी मशीन असं असं लावून घ्या, मग माझा प्रोग्राम चालवा. अशा फायलींचं पुढे काय होतं हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. केजच्या तक्त्याचंही तेच झालं. मला त्याबद्दल लिहायचंय, आणि त्या निमित्तानं अहमदाबादेतल्या एका स्टुडिओबद्दलही, ज्याच्याकडे असा तक्तासुद्धा नव्हता.

सुरुवात सिॲटलची. १९४० साली केज तिथल्या कॉर्निश स्कूलमध्ये नृत्याच्या वर्गांना साथ करायचा. वय सत्तावीस, म्हणजे जवळपास माझंच. वडील संशोधक-यंत्रकार, स्वतः शोनबर्गकडे शिकलेला. त्या वर्षांत त्याचा जीव तालवाद्यांवर जडला होता. तालवाद्यं म्हणजे दुकानात मिळणारीच नव्हेत. आदल्या वर्षीच्या त्याच्या ‘फर्स्ट कन्स्ट्रक्शन’ या रचनेत मोटारींचे ब्रेक ड्रम आणि गडगडाटासाठी हलवायचे पत्रे आहेत. आपल्याकडच्या जुन्या बाजारात रविवारी फेरी मारली तर त्याचा निम्मा वाद्यवृंद जमेल.

सिव्हिला फोर्ट या कृष्णवर्णीय नर्तकीला तिच्या ‘बाकानाल’ या नृत्यासाठी संगीत हवं होतं, आणि तेही थोड्या दिवसांत. केजला वाटलं, इथे तालवाद्यंच हवीत. पण जिथे नाच होणार तिथे एक छोटा ग्रँड पियानो ठेवला की बाकी वाद्यवृंदाला जागाच उरत नव्हती. पियानोवर काही जमेना. तेव्हा त्यानं पियानो उघडला आणि तारांवर घरातली एक पत्र्याची थाळी ठेवून पाहिली. आवाज बदलला, पण थाळी कंपनांनी उड्या मारायला लागली. मग खिळा घातला. तो तारांतून घसरला. मग स्क्रू घातला, आणि स्क्रूचे आटे दोन तारांच्या मध्ये बसले. जागचा हलेना. झालं. त्या पहिल्या रचनेत बाराच सूर असे ‘तयार’ केलेले आहेत, आणि त्यातले बरेचसे दाराच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून ठोकतात त्या तंतुमय पट्ट्यांनी. प्रिपेअर्ड पियानोच्या जन्माची ही गोष्ट मला आवडते, कारण तिच्यात प्रतिभेचा झटका वगैरे काही नाही. जागा कमी होती, मुदत जवळ आली होती, आणि पहिले दोन प्रयत्न फसले होते.

पियानोच्या आत हात घालणारा तो पहिलाही नव्हे. त्याचा शिक्षक हेन्री कॉवेल १९२० च्या दशकातच पियानोच्या तारा बोटांनी छेडत, घासत होता. त्याआधी १९१३ मध्ये इटलीतल्या लुइजी रुसोलो या चित्रकारानं गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि गुरगुरणारी, फुसफुसणारी, कडाडणारी कर्णेवाली खोकी बनवली. १९१४ च्या वसंतात मिलानच्या थिएटरात त्यांचा कार्यक्रम झाला तो प्रेक्षकांच्या मारामारीसकट. मूळ खोकी दुसऱ्या महायुद्धातून वाचली नाहीत. फोटो पुष्कळ आहेत, आवाज जवळजवळ नाहीच. ही बाब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता स्क्रूनं नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. ताणलेली तार सगळ्या लांबीनं कंप पावते, त्याच वेळी अर्ध्या-अर्ध्या भागांत, तिसऱ्या-तिसऱ्या भागांतही. म्हणून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर तिच्यात आपोआप येतात. पूर्ण पटीत असल्यामुळे ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच स्वच्छ सूर लागतो. स्क्रू हे तारेवर एका ठिकाणी बांधलेलं ओझं. त्यानं पटी बिघडतात. उपस्वर आडवेतिडवे होतात आणि कान म्हणतो, ही घंटा आहे, ही थाळी आहे. ओझं दोन इंच सरकवलं की बिघाड वेगळा. शिवाय वरच्या आणि मधल्या पट्टीत पियानोच्या एका सुराला तीन तारा असतात. स्क्रू दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमध्ये बसवला आणि डाव्या पायाचं पेडल दाबलं, तर हातोडी सरकून दोनच तारांवर पडते, आणि त्याच पट्टीतून दुसराच आवाज निघतो. केजनं ही सोयही वापरली आहे.

चामड्याचं नेमकं उलटं असतं. गोल ताणलेलं कातडं निसर्गतःच बेशिस्त. त्याचे उपस्वर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे कुठेही पडतात. म्हणून साध्या ढोलाला ठोका असतो, सूर नसतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई चढवली, थरावर थर घोटून, की त्या ओझ्यानं हे उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ ओढले जातात आणि कातडं तारेसारखं गायला लागतं. हे शास्त्रानं दाखवून दिलं सी. व्ही. रामन यांनी, शिवकाली कुमार यांच्यासोबत, १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात. नोबेलच्या दहा वर्षं आधी. तंबोऱ्याच्या घोडीबद्दलही त्यांनी लगेच पुढच्या वर्षी लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिर बिंदू यायला हवा असे उपस्वर नियमाप्रमाणे ऐकूच येता कामा नयेत, पण तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात, कारण घोडीचा माथा पसरट आणि किंचित गोलसर आहे, आणि तार तिला अलगद चाटत राहते. त्यात आपण तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि जवारी उघडते.

म्हणजे एका खंडात सुरेल तारेला ओझं बांधून तिला घंटा केलं, आणि दुसऱ्या खंडात बेसूर कातड्याला ओझं बांधून त्याला सूर दिला. भौतिकशास्त्र एकच, चिन्ह उलटं.

पण मला शाईपेक्षा पखवाजाच्या डाव्या तोंडाबद्दल बोलायचंय. तिथे कायमची शाई नसते. वाजवण्याआधी ताजी कणीक लावतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. आमच्या गावी हरिनाम सप्ताहात मृदंगमहाराज कीर्तनाच्या आधी आम्हा पोरांपैकी एकाला स्वयंपाकाच्या मांडवात पिटाळायचे. गोळा आणला की ओल्या अंगठ्यानं तो पुडीवर दाबायचे, थाप मारायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा थाप. पावसाळी हवेत कातडं सैल पडलं असलं की हा खेळ लांबायचा आणि तोवर कीर्तनकार उगाच उपरणं सारखं करत राहायचे. ‘किती लावायची महाराज?’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘पुडीला विचार,’ हे उत्तर. उद्धटपणा नव्हता त्यात. दुसरं उत्तरच नाही. कणकेला इंच नसतात.

१९४६ मध्ये असा एक योग जुळून आला की केज आणि पखवाज एकाच खोलीत आले. पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, अहमदाबादच्या गीता साराभाई, त्या वर्षी न्यूयॉर्कला गेल्या. विक्रम साराभाईंची ही धाकटी बहीण तेव्हा चोवीस वर्षांची होती. हिंदुस्थानी संगीत बरीच वर्षं शिकलेली. भारतीय संगीतावर पाश्चात्त्य संगीताचा जो परिणाम व्हायला लागला होता त्यानं ती अस्वस्थ होती, आणि ज्याची भीती वाटते ते आधी नीट समजून घ्यावं म्हणून ती निघाली होती. हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. केजनं तिला काउंटरपॉइंट आणि समकालीन संगीत शिकवायचं कबूल केलं. फी विचारल्यावर तो म्हणाला, पैसे नकोत, तू मला भारतीय संगीत शिकव. सुमारे सहा महिने दोघांची अशी देवाणघेवाण चालली. संगीत कशासाठी करायचं, हा प्रश्न केजला तेव्हा छळत होता. आपल्या भावना श्रोत्यापर्यंत पोचवण्यासाठी, हे शाळेत शिकवलेलं उत्तर त्याला पटेनासं झालं होतं. कारण तो दुःखाचं लिहायचा आणि लोक हसायचे. गीताबेननं आपल्या गुरूंकडून ऐकलेलं उत्तर दिलं: मन शांत आणि स्वच्छ व्हावं, म्हणजे दैवी गोष्टींना त्यात जागा होईल, यासाठी. केज हे उत्तर आयुष्यभर सांगत राहिला. निघताना तिनं त्याला रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचा ग्रंथ भेट दिला, तो त्यानं वर्षभर वाचला. आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून त्याला रससिद्धान्तही याच काळात भेटला. ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ हा आठ स्थायी भाव आणि त्या सगळ्यांचा शांत रसाकडे असलेला ओढा मांडायचा प्रयत्न आहे, असं तो म्हणायचा. कुठल्या सोनाटात कुठला भाव, हे मात्र त्यानं सांगून ठेवलेलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणीतरी हा लेख ‘सगळं आपल्याकडे आधीपासूनच होतं’ या शीर्षकाखाली फिरवेल. प्रिपेअर्ड पियानो १९४० चा, गीताबेनची भेट १९४६ ची. स्क्रूची कल्पना भारतातून गेलेली नाही. कणकेतून तर नाहीच नाही. केज पखवाजाकडे बघून काही शिकला असं म्हणायला काडीचाही आधार नाही. आणि उलट बाजूनं, ‘पाश्चात्त्यांनी वाद्याची तोडमोड करून आवाजाला मुक्त केलं’ ही दुसरी गोष्टही तितकीच पोकळ आहे, कारण वाद्यावर ओझं बांधून त्याचा आवाज बदलणं ही मिरजेच्या कारागिराची रोजची हजेरी आहे. दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या तर जे उरतं ते जास्त मजेशीर आहे. १९४६ मध्ये त्या खोलीत एकाकडे इंचांचा तक्ता होता आणि दुसरीकडे अंगठा. आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तक्तेवाल्याचा तक्त्यावरचा विश्वास उडाला.

तो कसा उडाला याची हकिकत केजनंच पुढे लिहून ठेवली आहे. सुरुवातीला त्याला ते आवाज आपल्या ताब्यात हवे होते. पुन्हा पुन्हा तसेच मिळावेत म्हणून त्यानं मापं घेतली. ती मापं त्याच्या घरच्या पियानोची. मग रचना घराबाहेर पडली आणि वेगवेगळ्या पियानोंवर वाजायला लागली. दुसऱ्या बनावटीच्या, दुसऱ्या आकाराच्या पियानोची तार वेगळ्या लांबीची, डँपर वेगळ्या जागी. तेवढ्याच इंचांवर तोच स्क्रू बसवला तरी निघणारा आवाज भलताच. मारो अजेमियन या पियानोवादक बाईंनी, ज्यांना ही रचना अर्पण केली आहे, १९४९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ती वाजवली आणि तिचं मोठं कौतुक झालं, पण केजला तोवर कळलेलं होतं की आपण लिहिलेला तक्ता आवाजाचं वर्णन करत नाही. तो एका विशिष्ट लाकडी पेटीचं वर्णन करतो. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून दोनदा ऐकू येतं. त्यावर आम्ही शोधलेला उपाय म्हणजे मशीनसकट सगळं डबाबंद करून पाठवायचं. केजनं उलट केलं. त्यानं मान्य करून टाकलं की प्रत्येक पियानो वेगळा, प्रत्येक वादक वेगळा, प्रत्येक संध्याकाळ वेगळी. तेव्हा पुनरावृत्तीचा नाद सोडावा.

त्या रस्त्यानं तो कुठे पोचला हे सगळ्यांना माहीत आहे. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉकजवळच्या एका जंगलातल्या सभागृहात डेव्हिड ट्यूडर हा तरुण पियानोवादक स्टेजवर आला, त्यानं पियानोचं झाकण बंद केलं आणि ४ मिनिटं ३३ सेकंद काही वाजवलं नाही. या रचनेवर इतके विनोद आणि इतकी निरूपणं झाली आहेत की मी भर घालत नाही. मला त्या प्रसंगात केजपेक्षा ट्यूडरमध्ये रस आहे.

ट्यूडर १९२६ चा, मूळचा ऑर्गनवादक. त्या काळातल्या अवघडात अवघड पियानो रचना तोच वाजवू शकतो अशी त्याची ख्याती. असा माणूस साठच्या दशकात हळूहळू पियानोपासून उठला आणि सोल्डरिंगची लोखंडी हातात घेऊन बसला. १९६० च्या केजच्या ‘कार्ट्रिज म्युझिक’मध्ये रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधली सुई काढून तिच्या जागी काडी, पीस, तार असं काहीही खोचतात आणि घासतात, एरवी ऐकूही न येणारा आवाज लाउडस्पीकरमधून डोंगराएवढा होऊन येतो. ट्यूडर अशा प्रयोगांत मुरला. मग १९६८ मध्ये मर्स कनिंगहॅमच्या नृत्यासाठी त्यानं स्वतःची ‘रेनफॉरेस्ट’ ही रचना केली. कल्पना सोपी आहे. लाउडस्पीकरचा कागदी कोन काढून टाका. उरलेलं कंप पावणारं यंत्र एखाद्या वस्तूला चिकटवा. आता ती वस्तूच लाउडस्पीकर. आत जो विजेचा संदेश सोडाल त्यातलं वस्तूला जे मानवेल तेवढंच ती बोलेल, बाकीचं गिळून टाकेल. मग वस्तूवर कॉन्टॅक्ट मायक्रोफोन लावून तिचं बोलणं खोलीत सोडायचं. लोखंडी पिंप एक बोलतं, पलंगाची स्प्रिंग दुसरं. या रचनेला रूढ अर्थानं स्वरलिपी नाही. सर्किटची आकृती आहे, आणि वस्तूशी बोलून बघण्याची सवय आहे. किती व्होल्टेज द्यायचं? पिंपाला विचार.

पुढच्याच वर्षी, १९६९ च्या शरदात, ट्यूडर अहमदाबादला आला.

हे अचानक घडलं नाही. गीताबेनच्या ओळखीनं साराभाई कुटुंब आणि केजचा गोतावळा एकमेकांना धरून होता. १९६४ च्या जगप्रवासात कनिंगहॅमची नृत्यमंडळी केज आणि ट्यूडरसह अहमदाबादेत येऊन गेली होती. गीताबेनची भावंडं, गौतम आणि गिरा साराभाई, यांनी चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या अहवालाचा पाया धरून १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी केली होती. खुर्च्या, अक्षरं, कापड, फिल्म हे तिथे शिकवलं जात होतंच. आता तिथे मूग सिंथेसायझर आला आणि ट्यूडरनं भारतातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ मांडून दिला. ज्या साली माणूस चंद्रावर उतरला त्याच साली साबरमतीच्या काठावर कपाटाएवढ्या पेटीत वायरी खोचून आवाज घडवणं चाललं होतं, हे मला पंचविशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ऑसिलेटरवर दोन पेपर दिले, तेव्हाही नाही.

मूगची ती मॉड्युलर पेटी म्हणजे आजचा कीबोर्ड डोळ्यांपुढे आणू नका. एक खण लाटा तयार करतो, दुसरा त्या गाळतो, तिसरा त्यांना चढ-उतार देतो. खणाखणांमध्ये आपोआप काही जोडलेलं नसतं. वायर तुम्ही खोचायची. कुठून कुठे वायर गेली तीच बंदिश. डझनभर बटणं किती फिरवली तो विस्तार. आणि संध्याकाळी वायरी उपसल्या की बंदिश संपली, कारण या यंत्राला सेव्हचं बटण नव्हतं. मांडणी कागदावर टिपून दुसऱ्या दिवशी पुन्हा केली तरी ती तशीच वाजेल याची खात्री नसे; त्या सुरुवातीच्या ऑसिलेटरांचा सूर खोलीच्या तापमानाबरोबर सरकायचा. केजच्या स्क्रूंचा तक्ता निदान छापता येत होता. इथे स्मरण एकाच जागी होतं: बाजूला फिरत असलेल्या टेपवर.

गीता साराभाई तिथे काम करत होत्या. आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा होते. जिनराज जोशीपुरा हा वास्तुकला शिकणारा मुलगा होता, त्यानं ‘स्पेस लायनर २००१’ नावाचा अंतराळप्रवास रचला. माथूरांच्या एका रचनेचं नाव ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’, म्हणजे ‘मी एकेकाळी तंबोरा वाजवला’. मी हे सगळं हेडफोन लावून, कोड रिव्ह्यू करता करता, आणि मग कोड रिव्ह्यू सोडून ऐकलं आहे. खरं सांगायचं तर सगळं चांगलं नाही. काही ठिकाणी नवं खेळणं मिळालेल्या माणसाचा हावरेपणा आहे, बटण फिरतंय म्हणून फिरवलंय. पण काही ठिकाणी ऑसिलेटरच्या दोन लाटा जवळजवळ एकाच सुरावर ठेवून त्यांच्यातल्या फरकाची धडधड नुसती चालू दिली आहे, घाई न करता, आणि तिथे कान ओळखतो की हा माणूस तंबोऱ्याच्या शेजारी बसून वाढलेला आहे. न्यूयॉर्कच्या किंवा कोलोनच्या स्टुडिओत हे कुणी असं थांबून ऐकलं नसतं, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

तीनेक वर्षं हे चाललं आणि थांबलं. टेपा संस्थेच्या संग्रहात गेल्या. मूग गप्प झाला. त्या खोलीतून पुढे कुणी शिष्य निघाला नाही, ‘एनआयडीचा आवाज’ नावाचं काही घडलं नाही, मुंबईच्या स्टुडिओंत सिंथेसायझर आले ते वेगळ्या वाटेनं आणि वेगळ्या कामासाठी आले.

त्याच काळात ट्यूडरचं काय चाललं होतं? १९७३ च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशरमधल्या चोकोरुआ या गावी त्यानं एक कार्यशाळा घेतली. आलेल्या तरुणांना ‘रेनफॉरेस्ट’ची कल्पना सांगितली आणि म्हणाला, आपापल्या वस्तू शोधा, त्यांना बोलतं करा. मोठी मोठी पिंपं, पत्रे, चाकं, लाकडी पेट्या छतापासून टांगल्या गेल्या. ऐकणारे त्यांच्यामधून हिंडले, पिंपात डोकं घालून, पत्र्याला कान लावून. ही ‘रेनफॉरेस्ट ४’. त्या कार्यशाळेतल्या पोरांचा पुढे एक गटच झाला, ‘कंपोझर्स इन्साइड इलेक्ट्रॉनिक्स’ या नावाचा. ते ही रचना गावोगाव मांडत राहिले, नव्यांना हाताखाली घेत राहिले. ट्यूडर १९९६ मध्ये गेला. त्याची कागदपत्रं लॉस एंजलिसच्या गेटी संस्थेत आणि त्यानं जोडलेली यंत्रं वेस्लियन विद्यापीठात जपून ठेवली आहेत, पण नुसत्या त्या कागदांवरून ‘रेनफॉरेस्ट’ उभी करता आली असती का, याबद्दल मला शंका आहे. ती उभी राहिली कारण पिंपाला कुठे टोचलं की ते बोलतं हे हातांना माहीत असलेली माणसं जिवंत होती. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉमा संग्रहालयानं नूतनीकरणानंतर दारं उघडली तेव्हा त्या गटानं केलेली ‘रेनफॉरेस्ट’ची पुढची आवृत्ती तिथे टांगलेली होती.

याला आपल्या भाषेत घराणं म्हणतात. गुरूनं समोर बसवून शिकवायचं, लिहून फारसं द्यायचं नाही, शिष्यानं आपल्या गळ्याप्रमाणे बदल करायचा आणि पुढच्याला द्यायचं. घराणं न्यू हॅम्पशरच्या रानात उगवलं. जिथे घराण्यांची शतकं गेली तिथे मात्र यंत्र आलं, संस्था होती, इमारत होती, पैसा होता, गाणारे-वाजवणारे होते, आणि फक्त टेपा उरल्या. याचा दोष कुणा एकाला देण्यात अर्थ नाही. तीन वर्षांत घराणं होत नाही हेही खरं. पण संस्था उभी केली की परंपरा आपोआप चालते असं आपण धरून चालतो, आणि इथे ते सपशेल खोटं ठरलेलं दिसतं. पखवाजाची कणीक कुठल्याही संस्थेनं जपलेली नाही. ती जपली, कुणीतरी दर सप्ताहाला एका पोराला मांडवात पिटाळलं म्हणून.

उलट बाजूही सांगायला हवी. टेपा उरल्या हे थोडं नाही. रुसोलोच्या खोक्यांचं काय झालं ते वर आलंच आहे. केजच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, त्याच्या प्रिपेअर्ड पियानोचं एक मोबाइल ॲप आलं: नीट बसवलेल्या स्क्रूंचे आवाज ध्वनिमुद्रित करून पडद्यावरच्या पट्ट्यांना जोडलेले. बोट लावलं की दर वेळी तोच आवाज. १९४० च्या केजला जे हवं होतं ते त्याला सत्तर वर्षांनी मिळालं, आणि ते नको म्हणण्यात त्याची मधली पन्नास वर्षं गेली होती. मी ते ॲप बनवणाऱ्यांना हसत नाही. मीही तेच बनवलं असतं.

एनआयडीच्या टेपांपर्यंत लंडनचा संगीतकार आणि कलावंत पॉल पर्गस पोचला. त्यानं २०२० मध्ये बीबीसी रेडिओसाठी त्यावर एक माहितीपट केला आणि २०२३ मध्ये निवडक रचनांचा संच प्रसिद्ध झाला. गीता साराभाई २०११ मध्येच गेल्या होत्या. संचात त्यांच्या रचना आहेत. मूग आहे, आणि मूगच्या मागे एक सलग, न हलणारा सूर आहे. तो तंबोऱ्याचा की ऑसिलेटरचा हे मी तीनदा ऐकूनही ठरवू शकलेलो नाही. ज्यानं तो लावला त्यानं बटण किती अंशांत ठेवलं होतं, हे कुठल्याच तक्त्यात नाही.